सोमवार ते सोमवार: शर्यतीच्या घोड्याचा आठवडा

शर्यत रविवारची असली की सोमवारपासून तबेल्यावर माणसं डोकवायला लागतात. प्रत्येकाचा प्रश्न एकच, आता रोज किती पळवणार? उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. शर्यतीच्या आठवड्यात घोडा खऱ्या अर्थानं दोनदाच पळतो, आणि दोन्ही वेळचं अंतर मिळून दीड किलोमीटरही भरत नाही. दम तयार व्हायला दहा-बारा आठवडे लागतात, हाडं आणि नसा पक्क्या व्हायला त्याहून जास्त. सात दिवसांत त्यात काही भर पडत नाही. बिघडायला मात्र एक चुकीचा खिळा, एक जास्तीचा तोबरा किंवा भर उन्हातला एक प्रवास पुरतो. त्यामुळे या आठवड्यात आमचं निम्मं काम म्हणजे आलेल्या माणसांना ‘नको’ म्हणणं.

तबेला सोलापूरच्या वेशीवर, तुळजापूर रस्त्याला. इथे दोन तऱ्हेचे घोडे असतात. एक अकलूजच्या घोडेबाजारातून आलेले मारवाडी, काठेवाडी आणि त्यांचे संकर. दुसरे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून उतरलेले थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा पावसाळ्यात. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला २४०० मीटरची इंडियन डर्बी होते, त्यात नाव काढणारे घोडे पुढे स्टडफार्मवर, म्हणजे पैदाशीला जातात. जे पाच-सहा वर्षांचे झाले आणि जिंकेनात, ते बाहेर पडतात. असा घोडा २०० मीटर बारा-तेरा सेकंदांत काढतो. गावाकडचा चांगला घोडासुद्धा त्याच्या जवळपास येत नाही. पण कातडी पातळ, खुराचा तळवा पातळ, आणि सोलापूरचं ऊन त्याच्या अंगाला मानवत नाही. खाली लिहिलंय ते अशाच साडेचारशे किलोच्या घोड्याबद्दल आहे. अंतर १६०० मीटर, आणि दिवस चैत्रातले, म्हणजे दुपारी पारा चाळिशीला टेकलेला.

सोमवार पहाटे साडेचारला सुरू होतो. दाणा टाकण्याआधी पाय बघायचे, हा क्रम आम्ही बदलत नाही. रात्रभर घोडा एका जागी असतो, म्हणून पायातली ऊब आणि सूज याच वेळी खरी कळते. चार पावलं चालवला की सूज थोडी उतरते आणि आपण फसतो. मागचे दोन्ही पाय घोट्याजवळ सारखेच भरलेले असतील तर ते उभं राहून झालेलं, चालवलं की जातं. एकच पाय भरलाय, तोही पुढचा, आणि हाताला गरम लागतोय, तर त्या घोड्याचा आठवडा तिथेच संपला.

गुडघ्याखाली मागच्या बाजूनं खुराकडे उतरणारी जी नस असते (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा), शर्यतीच्या घोड्याचं सगळं दैव तिच्यात. ती तपासताना पाय उचलून गुडघ्यातून दुमडायचा, म्हणजे नसेवरचा ताण सुटतो. अंगठा एका बाजूला आणि दोन बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सावकाश उतरायचं. निरोगी नस कडक लागते, तिच्या कडा बोटांना स्वच्छ कळतात, दाबलं तरी घोडा पाय ओढत नाही. कडा पुसट वाटल्या किंवा एखाद्या जागी त्यानं पाय झटकला, तर तीच जागा पुन्हा दाबायची, मग दुसऱ्या पायाची नेमकी तीच जागा. दोन्हीकडे झटकत असेल तर त्याचा स्वभाव. एकाच पायाला झटकत असेल तर पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी, आणि शर्यत रद्द. भरधाव पळताना या नसेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं, हे मोजलेलं आहे. तिला रक्तपुरवठा कमी असल्यानं इजा भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरून आलेल्या नसेला पहिली लवचीकता येत नाही.

पाय झाले की नाडी आणि ताप. जबड्याच्या खालच्या कडेवर एक धमनी बोटाखाली येते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. विश्रांतीत २८ ते ४४ ठीक. ताप ३७.५ ते ३८.५. हे आकडे भिंतीवरच्या पाटीवर रोज लिहिले जातात. एक दिवसाचा आकडा फारसं काही सांगत नाही, पण रोज ३२ असणारी नाडी एका सकाळी ४४ लागली तर पाटीवर ते लगेच डोळ्यात भरतं, जरी पुस्तकाप्रमाणे ४४ सुद्धा ठीकच असलं तरी.

नालबंदाला, म्हणजे आमच्या चाचांना, आम्ही सोमवारीच बोलावतो. शुक्रवारी-शनिवारी नवी नाल ठोकून रविवारी पळवणं ही मैदानावरची नेहमीची चूक. थरोब्रेडच्या खुराची भिंत पातळ असते, खिळा जरा आत गेला की आतल्या जिवंत भागावर दाब येतो. त्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खूर तापतो, घोट्यामागची नाडी ठकठक लागायला लागते आणि घोडा पाय जपून टाकतो. सोमवारी ठोकलं की बुधवारपर्यंत दोष उघडा पडतो. तेवढा खिळा उपटायचा, भोकात आयोडीन, आणि रविवार अजून हातात असतो. खिळ्याबरोबर रक्त आलं तर मात्र नाही. धनुर्वाताची लस झालेली आहे का ते बघायचं (घोड्याइतका धनुर्वात लवकर दुसऱ्या जनावराला होत नाही) आणि घोडा ठाणावर.

“चाचा, पुढचा पंजा अजून घ्या की.”

“घेतो की मालक, पर टाच घ्या म्हणू नका. टाच गेली की नस बोंबलते.”

चाचांचं बरोबर आहे. पंजा, म्हणजे खुराचं पुढचं टोक, लांब आणि टाच खाली गेलेली असली की प्रत्येक पावलाला मागची नस जास्त ताणली जाते. म्हणून पंजा आखूड ठेवायचा, टाचेला कानस लावायची नाही. रेसकोर्सवर ॲल्युमिनियमच्या नाला असतात, लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाच्या. आमच्याकडच्या मुरमाड मैदानावर त्या वाकतात, वाकलेली नाल तळव्यात रुतते. आम्ही हलकं लोखंडच ठेवतो. वेळात थोडा फरक पडतो, पडू दे.

मंगळवारी सकाळी काम सोपं. वीस मिनिटं चालणं, दहा मिनिटं दुडकी, मग १६०० मीटरचा संथ कँटर (दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल), २०० मीटरला बावीस-चोवीस सेकंद. तेवढ्यात सहा वाजतात. साडेसातनंतर घोडा बाहेर काढायचा नाही.

इथे जमिनीबद्दल बोलायला हवं, कारण सोलापूरकडे निम्मे घोडे जमिनीपायी जातात. काळी माती चैत्रात भेगाळते, वर ढेकळं आणि खाली फरशी. त्यावर भरधाव सोडला की दणका थेट नळीच्या हाडात. तीच माती पाऊस पडून ओली झाली की पायाला चिकटून नाल ओढून काढते. म्हणून सरावाची पट्टी मुरमाची, वर नदीकाठची वाळू मिसळलेली. आदल्या संध्याकाळी टँकरनं पाणी, पहाटे कुळव, आणि सात-आठ सेंटिमीटर थर मोकळा. काठी टोचून बघायची. बोटाच्या जाडीइतकीच गेली तर पुन्हा कुळव, वीतभर गेली तर पट्टी भारी झाली आणि नसा ताणणार. भारी पट्टीवर दम वाढतो असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घोड्यांचे पाय एकदा हात लावून बघावेत.

दाण्याची गडबड मंगळवारपासूनच सुरू होते, कारण ज्याला त्याला आता घोड्याला ‘ताकद’ द्यायची असते. अंडी, बदाम, तूप, गूळ, कुणी ब्रँडीची बाटली घेऊन येतो. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान, आठ ते पंधरा लिटरचं. एका वेळी सव्वादोन-अडीच किलोपेक्षा जास्त दाणा गेला तर स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो, आणि मग पोटशूळ नाहीतर खुरांत दाह. आमचा दिवसाचा हिशोब असा: भरडलेले ओट तीन किलो, भिजवलेला हरभरा एक किलो, भरडलेली ज्वारी अर्धा किलो, तीन वेळांत विभागून. ज्वारी अख्खी टाकली तर तशीच लिदीत येते, दाणा फार टणक. वर करडईचं तेल दीडशे ते दोनशे मिलिलिटर. या भागात ते सहज मिळतं आणि ऊन्हाळ्यात दाणा न वाढवता ताकद देतं. पन्नास ग्रॅम साधं मीठ. चारा म्हणजे पाच किलो कडबा आणि दहा-बारा किलो हिरवं लसूणघास.

कडबा मालदांडी ज्वारीचा मिळाला तर उत्तम. बारीक पेंढी, गोड ताट, पानं टिकलेली. कुट्टी तीन-चार सेंटिमीटरची. फार बारीक केली तर घोडा न चावता गिळतो आणि आतड्यात गोळा अडकतो. धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपडून द्यायचा. हिरवी ज्वारी, खास करून कापणीनंतर फुटलेला खोडवा, घोड्याला अजिबात नाही. गाई-म्हशींना त्यातल्या विषानं काय होतं हे शेतकऱ्याला माहीत असतं. घोड्याचं वेगळं असतं: हिरव्या ज्वारीवर काही आठवडे राहिला की मागचे पाय लटपटतात आणि लघवी थेंबथेंब गळायला लागते. वाळलेल्या कडब्यानं हा त्रास सहसा होत नाही.

आणखी दोन गोष्टी इथल्या गोठ्यातून तबेल्यात शिरतात आणि घोटाळा करतात. पहिली, गव्हाचा कोंडा आणि हत्ती गवत यांची जोडी. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, हत्ती गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्महिने हेच चाललं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढतं, तोंडाची हाडं फुगतात आणि पायाची ठिसूळ होतात. असा घोडा शर्यतीत सरळ पट्टीवर, काही न होता, पाय मोडून घेतो. कोंडा द्यायचाच तर मूठभर, आणि बरोबर खाण्याचा कॅल्शियम कार्बोनेट. दुसरी गोष्ट अधिक भयंकर: म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. म्हशीला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानं मरतात, आणि उपाय नाही. गोठा आणि तबेला शेजारी असेल तर घमेलीसुद्धा वेगळी ठेवा. बुरशी आलेला मका याच यादीत घाला.

बुधवार हा कामाचा दिवस. चालणं आणि दुडकीत वीस मिनिटं गेली की १००० मीटर, सुरुवातीचे ४०० सोळा-सोळा सेकंदांनी आणि शेवटचे ६०० बेचाळीस सेकंदांत. स्वाराला सांगायचं ते एवढंच की लगाम सोडू नको आणि चाबूक वर नेऊ नको. बेचाळीसच्या जागी एकोणचाळीस आले तर बघे टाळ्या वाजवतात. ते तीन सेकंद रविवारच्या खात्यातून गेलेले असतात. घड्याळापेक्षा आम्ही थांबल्यानंतरचा श्वास आणि नाडी बघतो. पळताना हृदय मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास ठोके देतं. थांबल्यावर पाच मिनिटांत शंभरच्या खाली आणि पंधरा मिनिटांत ६४ च्या खाली आलं तर घोडा तयार आहे. पंधरा मिनिटांनी अजून ८० असेल तर दम कमी आहे, किंवा ऊन लागलंय, किंवा कुठेतरी दुखतंय. दुखणारा घोडा नाडी उतरू देत नाही, हे लंगडण्याआधी कळतं.

नाकपुडीत रक्ताचा धागा दिसतो का तेही याच वेळी, घोड्यानं मान खाली घातल्यावर बघायचं. जोरात पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. थोडंफार पुष्कळ घोड्यांत होतं आणि बाहेर दिसतही नाही. नाकातून दिसेल इतकं आलं तर त्या रविवारी घोडा उतरवायचा नाही. कुणी थंड पाण्याची पट्टी, कुणी कांद्याचा रस सुचवतो, ऐकून घ्यायचं.

अंगावर पाणी किती आणि कसं, यावर तबेल्यात कायम वाद. जुनी समजूत अशी की घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये आणि त्याच्या पाठीवर गार पाणी टाकू नये, लकवा भरतो. आम्ही दोन्ही करतो. थांबल्या थांबल्या बादली पुढे, पाहिजे तेवढं पिऊ दे. अंगावर मान, छाती, पाठ, पुठ्ठे असं सगळीकडे पाणी, एकामागून एक बादल्या, अंग गार लागेपर्यंत. मधेमधे घासून निथळवण्यात वेळ घालवायचा नाही, पाणी टाकत राहायचं. ताप ४०.५ च्या वर असेल तर पाण्यात बर्फ. घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो, आणि त्या घामात रक्तापेक्षा मीठ जास्त असतं. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, काम झालं की मिठाचं पाणी वेगळ्या बादलीत, शेजारी साध्या पाण्याची बादली. पुसायला इथल्या कारखान्यांतला सेकंडचा टर्किश टॉवेल. किलोवर मिळतो, आणि त्याहून चांगली वस्तू या कामाला नाही.

उन्हाळ्यात एखादा घोडा घामच गाळेनासा होतो. काम झाल्यावर अंग कोरडं, मानेला थोडासा ओलावा, श्वास मात्र धाप लागल्यासारखा. दमट किंवा फार गरम मुलुखात आणलेल्या घोड्यांना हे होतं. त्याला दाण्यानं किंवा इंजेक्शननं पळवता येत नाही. थंड दिवस येईपर्यंत तो सावलीतच.

गुरुवारी नुसतं चालणं, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. त्या दिवशी दाणा निम्मा करायचा, हे विसरायचं नाही. काम बंद आणि दाणा पूर्ण, असा एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी पळायला काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत घोडा पाठीमागून आखडतो, पुठ्ठे दगड होतात, घाम फुटतो, आणि लघवी काळ्या चहासारखी येते. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रपिंडात उतरलेला असतो. अशा वेळी ‘चालवून मोकळा कर’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि तोच सर्वांत वाईट. जिथे आहे तिथे उभा करायचा, पाणी द्यायचं, डॉक्टरला तिथे आणायचं. गुरुवारचा बाकीचा वेळ खराऱ्याचा. चांगला खरारा म्हणजे अर्धा तास मोतद्दाराचा, घोडा सांभाळणाऱ्याचा, हात अंगभर फिरतो. जिनाखालचे फोड, तंगाजवळची (जीन आवळायच्या पट्ट्याजवळची) सोललेली कातडी, गोचीड, घोडमाशीचा दंश, सगळं तिथेच सापडतं.

शुक्रवारी पहाटे ४०० मीटर, सव्वीस-सत्तावीस सेकंदांत. श्वास मोकळा व्हावा आणि घोड्याला पळायची आठवण राहावी, इतकंच. याच दिवशी उभ्यानं सुटायचा सराव. रेसकोर्सवरच्या घोड्याला लोखंडी फाटकातून सुटायची सवय असते, आमच्याकडे झेंडा पडतो. फाटकात शांत राहणारा घोडा मोकळ्या रांगेत शेजारचा हलला की उधळतो. तीन-चार घोड्यांच्या रांगेत नेऊन उभा करायचा, झेंडा पाडायचा आणि दोन वेळा सोडायचा नाहीच. तिसऱ्यांदा चालत पुढे न्यायचा. एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

‘पॉवर’च्या सुया घेऊन येणारी माणसं बहुधा शुक्रवारीच उगवतात. दुखणं मारणारी सुई दिली की लंगडा घोडा सरळ चालतो, हे खरं. पण दुखणं गेलं म्हणजे हाडातली चीर गेली असं होत नाही. चीर तशीच राहते, फक्त ती जपायला सांगणारी वेदना बंद होते, आणि चौदाशेव्या मीटरला हाड तुटतं. अंगावरचा स्वारही त्याच्याबरोबर जातो. सुई दिल्याशिवाय जो घोडा धड चालत नाही त्याला मैदान दाखवायचं नाही, यात आमच्याकडे घासाघीस नाही. तसंच परवानगी आणि पशुवैद्यक नसलेल्या मैदानावर उतरायचं नाही. स्वाराबाबतही: हलका पाहिजे म्हणून शाळकरी पोरं बसवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती गुन्ह्याइतकी वाईट आहे. अठरा पूर्ण, डोक्याला हेल्मेट, छातीला संरक्षक जाकीट. चार किलो वजन वाढतं तर वाढू दे.

शनिवारी प्रवास. ट्रक रात्री तीनला भरायचा, म्हणजे उन्हाआधी पोचतो. तळाला रबरी चटई आणि वर उसाचं पाचट, जाड पसरून, नाहीतर वळणावर पाय घसरतात. मोहरकीची दोरी इतकी लांब हवी की घोड्याला मान गुडघ्यापर्यंत खाली नेता येईल. आखूड बांधून मान वर ताणून ठेवली की नाकातला आणि घशातला शेंबूड बाहेर पडत नाही, खाली फुप्फुसात उतरतो, आणि दोन दिवसांनी ताप. तीन-चार तासांनी थांबायचं, पाणी दाखवायचं, मान मोकळी सोडायची. पाणी घरचंच न्यायचं. इथल्या बोअरचं जड पाणी पिणारा घोडा दुसऱ्या गावचं पाणी हुंगून सोडून देतो, आणि शर्यतीआधी बारा तास तहानलेला राहतो. दोनशे लिटरचा पिंप ट्रकमध्ये असावा. बादली, तोबरा, लगाम, सगळं स्वतःचं. सार्वजनिक हौदावर तोंड लावू द्यायचं नाही; ग्लँडर्स हा जीवघेणा संसर्गजन्य रोग घोड्याकडून घोड्याला असाच जातो आणि माणसालाही होतो. घोड्यावर त्याचा उपचार करत नाहीत, कायद्यानं घोडा मारावा लागतो.

पोचल्यावर मैदान पायी चालून बघायचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि मग उलटं. रब्बीची ज्वारी निघालेल्या रानात धसकटं उरलेली असतात, तिरकी कापलेली. वरून माती टाकून झाकतात. झाकलेलं धसकट उघड्यापेक्षा वाईट, खुराच्या तळव्यातल्या मऊ भागात शिरतं. कुदळ घेऊन आपणच चार काढली तरी चालतं, पण सलग पट्टा तसा असेल तर आयोजकाला सांगून नांगरून घ्यायचा. दुसरं बघायचं ते शेवटाच्या पुढचं अंतर. घोड्याला थांबायला किमान तीनशे मीटर मोकळी जागा लागते. तिथे गर्दी, गाड्या किंवा मंडप असेल तर सगळे अपघात तिथेच होणार.

रविवार. दाणा शर्यतीआधी चार तास, एक किलोपेक्षा कमी, मग मूठ-दोन मूठ लसूणघास. पोट पूर्ण रिकामं ठेवायचं नाही. रिकाम्या पोटात पळताना आम्ल वर उसळतं आणि जठराला जखमा होतात. पाणी अर्धा-पाऊण तास आधीपर्यंत समोर. पत्रिकेवर आठची वेळ असते आणि झेंडा अकराला पडतो, हे धरूनच चालायचं. त्यामुळे घोडा सावलीत, जीन खाली, आणि आपली फेरी नक्की झाल्याशिवाय गरम करायला काढायचा नाही. गरम करणं म्हणजे पंधरा मिनिटं चालणं-दुडकी आणि शेवटी शंभर-दीडशे मीटरची एक मोकळी झेप. तंग तीनदा आवळायचा: जीन घालताना, चालवून झाल्यावर, आणि रांगेत जायच्या आधी. प्रवासानं पोट आत गेलेलं असतं, सकाळी घट्ट वाटणारा तंग दुपारी दोन भोकं सैल असतो.

महालक्ष्मीच्या हिरवळीवर चांगला घोडा १६०० मीटर ९६ ते १०० सेकंदांत काढतो. आमच्या मैदानावर ११० आले तरी उत्तम. पूर्ण वेग घोडा चार-पाचशे मीटरच टिकवू शकतो, आणि तो कुठे खर्चायचा हाच स्वाराचा सगळा हिशोब. पहिल्या ४०० मीटरला पुढे जायची हौस केली की शेवटच्या ४०० ला पाय उचलत नाहीत. भरधाव पळताना एका झेपेला एक श्वास, असं घोड्याच्या शरीरातच बांधलेलं आहे, आणि श्वास फक्त नाकानं. म्हणून मान आवळून धरली की झेपही लहान होते. हात खाली, लगाम हलका पण तुटू न दिलेला, आणि ११०० च्या पुढे मागणी. सरळ पट्टीवर घोडा एकाच पायावर पुढाकार ठेवून थकतो. स्वारानं वजन किंचित दुसरीकडे नेलं की तो पाय बदलतो आणि ताजा झाल्यासारखा ओढतो. ज्यांना हे जमतं त्यांना चाबूक फारसा लागत नाही.

रेघ ओलांडल्यावर लगाम खेचून उभा करणारे स्वार आम्ही पुन्हा घेत नाही. थकलेल्या नसेवर तो झटका सर्वांत महाग पडतो. भरधाव, मग कँटर, मग दुडकी, मग चाल, तीन-चारशे मीटरमध्ये हळूहळू. चालीत एखादं पाऊल जरी विषम पडलं तरी तिथेच उतरायचं आणि घोडा हातानं आणायचा, नाहीतर ट्रक तिथे न्यायचा. पुढचं बुधवारसारखंच, फक्त दुप्पट पाणी. हार-गुलाल नंतर. गुलाल नाकात गेला तर श्वास लागलेल्या घोड्याला खोकला लागतो, आणि ढोलताशाजवळ उभा केला की नाडी उतरतच नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत चालवून, लघवी झाली, पाणी प्यायला, लीद टाकली, की मग लसूणघास. दाणा दोन तासांनी, निम्मा.

रात्री घरी आल्यावर पुढच्या दोन्ही पायांवर वीस मिनिटं पाण्याची धार, मग ओल्या मातीचा लेप आणि वर कापूस देऊन पट्टी. पट्टी सगळीकडे एकसारख्या ताणानं. एक वेढा घट्ट बसला तर सकाळी नसेवर तिथेच सूज दिसते आणि ती शर्यतीची की पट्टीची, हे कळायला आठवडा जातो. कापूस जाड असला की ही चूक कमी होते.

दुसऱ्या सोमवारी पहाटे पुन्हा पाय, पुन्हा नाडी, आणि पाटीवर आकडे. घोडा ठाणातून हातानं बाहेर काढून कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीला पळवायचा, आपण समोरून बघायचं. पुढच्या ज्या पायाला दुखतं तो टेकताना डोकं वर जातं. डोकं हललं नाही, नस थंड आहे, दाणा संपवला आहे, तर तीन दिवस नुसतं चालणं आणि निम्मा दाणा. पुढच्या शर्यतीचं आमंत्रण घेऊन कुणी त्याच आठवड्यात आलं तर त्याला तीन आठवड्यांनंतरची तारीख द्यायची. तोवर जीन उन्हात, तंगाची शिवण तपासायला चांभाराकडे, आणि पट्टीवर कुळव.